कपाळावरचा लाल दिवा

माझं नागपुरात इतवारीला पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे. सुरुवात सीताबर्डीच्या फुटपाथवर कटपीस विकून केली. दुकान, गोदाम, पक्कं घर हे सगळं नंतरचं आणि सगळं स्वतःच्या जिवावर. भाव करताना माझा आवाज चढतो हे खरं आहे. बायको म्हणते, गिऱ्हाईक पडदा घेतं ते आवडला म्हणून नाही, सुटका व्हावी म्हणून. काही असो, इतक्या वर्षांत सौद्यात मला कोणी गुंडाळलं नव्हतं. एकदाच गुंडाळला गेलो. तेही दुकानात नाही, वर्धा रोडवरच्या एका हॉलमध्ये, अंगात चंदेरी पोशाख आणि कपाळावर लाल दिवा असताना.

दिव्याची गोष्ट कामठीपासून, म्हणजे माझ्या गावापासून, सांगावी लागेल.

आमच्या गल्लीत दिवसभर मागांची खडखड चालायची. वडील पॉवरलूमवर कामाला होते. गल्लीत टीव्ही एकच, ठेकेदाराच्या घरी, आणि आम्हा पोरांची जागा त्यांच्या खिडकीबाहेर. रविवारी सकाळी त्या टीव्हीवर एक मालिका लागायची. तिचा नायक दुसऱ्या ग्रहावरून आलेला. चंदेरी कपडे, रुंद खांदे आणि कपाळावर लाल दिवा. कोणी खोटं बोललं की दिवा लुकलुकायचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तरी तुम्हाला ओळखू येणार नाही, आणि त्याला कोणी ओळखत नाही हेच तर माझं दुखणं आहे.

एका रविवारी शत्रूनं त्याला गुहेत कोंडलं. तोंडाशी भलामोठा दगड लोटला. आत दिवा मंद होत चालला आणि भाग संपला. पुढच्या रविवारी आम्ही अंघोळी उरकून खिडकीशी हजर, तर टीव्हीवर एक गृहस्थ ज्वारीवरच्या किडीची माहिती देत बसलेले. त्याच्या पुढच्या रविवारीही कीडच. मालिका बंद झाली होती. का, ते कोणी सांगितलं नाही. आमचा माणूस गुहेतच राहिला.

त्याच वर्षी तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून आणतात आणि सोंगं घेऊन तोरणाखाली उभी राहतात. सोंगांना बक्षीस असतं. कोणी राजा होतो, कोणी डॉक्टर. मी ठरवलं, आपण तो व्हायचं. किराणा दुकानातून चहाच्या पेटीतला चंदेरी कागद आणला, आईनं तो जुन्या बनियनवर टाचून दिला. वडिलांची बॅटरी नाड्यानं कपाळाला बांधली, तिच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद. लाकडी बैलालासुद्धा चंदेरी झूल घातली. दुसऱ्या ग्रहावर बैल असतो का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

परीक्षक एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि माइकवर विचारलं, "तू कोण गा?"

मी नाव सांगितलं.

"कोण?"

मी पुन्हा सांगितलं. मास्तरांनी बॅटरीवर बोटानं टिचकी मारली आणि जाहीर केलं, "हा आपल्या गावचा कंदील!"

सगळी गल्ली हसली. माझ्याबरोबर खिडकीला लटकणारी पोरंही हसली, आणि हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. बक्षीस डॉक्टरला गेलं. त्याच्या गळ्यात नुसती खेळण्यातली नळी होती. मी मात्र दहावीपर्यंत कंदील राहिलो. आजही कामठीच्या बाजारात एखादा म्हातारा मला हाक मारतो, "काय कंदीलशेठ, धंदा कसा?" मोठी गाडी घेऊन गेलो तरी तेच.

माझी मुलगी कॉलेजात जाते. एके दिवशी जेवताना तिनं सांगितलं की नागपुरात कॉमिकवाल्यांचा आणि कार्टूनवाल्यांचा मेळावा आहे, लोक आपापल्या आवडत्या पात्राचे कपडे घालून येणार, ती जांभळे केस लावून जाणार.

"आणि तिकीट?" मी विचारलं.

"वेश करून गेलं की फुकट आहे, बाबा."

बायकोला मी सांगितलं की फुकट आहे म्हणून जातो. मुलीला मात्र मी त्या नायकाबद्दल सांगितलं. तिनं मोबाइलवर अर्धा तास शोधलं. फोटो नाही, गाणं नाही, एक ओळ नाही.

"बाबा, तुम्हाले स्वप्न तर नाही पडलं ना?"

"स्वप्न पडाले आम्ही झोपत होतो का? खिडकीले लटकलो होतो!"

"पण मग दुसऱ्या कोणाले काहून आठवत नाही?"

मी ताटावरून उठलो. रागानं उठलो असं घरच्यांना वाटलं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. कंदील म्हणवून घेणं एक वेळ ठीक, पण तो माणूस नव्हताच, तर मग मी कशासाठी कंदील झालो होतो? त्या मेळाव्यात हजार माणसं येणार. त्यातल्या एकानं तरी मला पाहून त्याचं नाव घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

कापडाचा प्रश्न नव्हता. ऊन अडवायच्या पडद्यांना लावतात ते चंदेरी अस्तर माझ्या गोदामात ठाणंच्या ठाणं पडलं होतं. प्रश्न ते रुंद खांदे आणि चेहरा झाकणारा टोप कोण करणार हा होता. माझा शिंपी म्हणाला, "मी पडदे शिवतो, माणसं नाही." शेवटी जुन्या वस्तीतला एक बडगे करणारा माझ्या लक्षात आला. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी नागपुरात मारबत या भल्यामोठ्या बाईच्या पुतळ्याची मिरवणूक निघते आणि तिच्यासोबत बडगे निघतात. वर्षभरात लोकांना ज्याचा ज्याचा राग आला त्याचे ते पुतळे. बांबू, कागद, चिंध्या, गळ्यात पाटी. सारी पीडा त्यांच्या माथी मारून शेवटी जाळून टाकायची.

बडगेवाला ऐकून घेत होता. मग म्हणाला, "जमणार नाही, शेठ."

"काहून?"

"आमच्या हातचं जिवंत माणसानं घालाचं नसते. आमचं शेवटी जळते."

मी दीड तास बसलो. सुरुवातीला ओरडलो, मग चहा मागवला, मग पुन्हा ओरडलो. म्हटलं, मारबतीचा हंगाम संपला, तू रिकामा बसला आहेस, हे काय जळायला करतो आहेस, मी नागपूरचा इज्जतदार माणूस. शेवटी तो कंटाळून तयार झाला. अट एकच, हात त्याचा, मध्ये बोलायचं नाही. मी हो म्हटलं. मला वाटलं मी जिंकलो.

पोशाख आणायला गेलो तेव्हा टोपाला मिशी होती.

"मिशी कायले?"

"मिशीबिगर माणूस अर्धवट दिसते."

"अरे, तो दुसऱ्या ग्रहाचा आहे!"

"तिथं न्हावी असते का?"

मी मिशी ओरबाडून काढली. डिंकाचा काळा डाग मात्र बरोबर मिशीच्या आकाराचा राहिला. पोट गोल झालं होतं, कारण त्याच्या हाताला पोट गोलच करायची सवय. छातीवर दोन हूक होते. "पाटी अडकवाले लागते ना," तो म्हणाला. मी कपाळावर हात मारून घेतला. टोपाच्या कपाळावरचा दिवा मात्र उत्तम होता, लालभडक, बटण दाबलं की लुकलुकणारा.

मेळाव्याच्या दारात मुलगी माझ्यापासून दहा पावलं पुढे चालायला लागली. आत जांभळी, हिरवी, गुलाबी डोकी, थर्माकोलच्या तलवारी, पंख लावलेल्या मुली. पंखांमुळे त्यांना दारातून आडवं यावं लागत होतं. सगळे एकमेकांना ओळखत होते. एक पोरगा ओरडायचा, दुसरा त्याच्या पात्राचं नाव घ्यायचा, मग मिठी मारून फोटो. मी मधोमध उभा राहिलो आणि बटण दाबलं.

एकानं विचारलं, "काका, गिझर आहे का?"

दुसरा म्हणाला, "नाही बे, सोलर वॉटर हीटर."

मी नाव सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, "भारी, काका," म्हणाले आणि गेले. त्या "भारी"त मास्तरांचं "कोण?" मला स्पष्ट ऐकू आलं. असं बऱ्याच वेळा झालं. माझ्या वयाचे लोकही होते, पोरांच्या पिशव्या धरून कडेला बसलेले. त्यांच्यासमोरून मी मुद्दाम दोनदा गेलो. एकानं मान वर केली आणि विचारलं, "पाण्याच्या बाटल्या कुठं मिळते?"

मग जुन्या नागपुरातल्या महाल भागातला एक पोरगा आला. माझं गोल पोट, मिशीचा डाग आणि छातीवरचे हूक त्यानं एका नजरेत ओळखले. "अरे, बडग्या! बडग्या आला बे!"

"मी बडग्या नाही."

"काका, एकच मिनिट." त्यानं वहीचा कागद फाडला, त्यावर लिहिलं, "इंजिनिअरिंगचे बॅकलॉग घेऊन जाय रे बडग्या", आणि माझ्या हुकाला अडकवला. भोवती हशा पिकला. एक मुलगी धावत आली, तिनं मेट्रोखालचे खड्डे अडकवले. तिसऱ्यानं त्याच्या जुन्या मैत्रिणीचं नाव अडकवलं. मी एक कागद फाडला की दोन लागत होते. हात वर करून ओरडलो, तर लोकांना वाटलं सोंग रंगात आलं आहे, आणि जोरात आरोळी उठली, "घेऊन जाय गे मारबत!" कोणीतरी खाण्याच्या स्टॉलवरचं पत्र्याचं तबक वाजवायला लागलं. नागपूरच्या पोरांना तलवारी जपानी चालतील, पण बडग्या दिसला की ते नागपूरचेच होतात.

माझी मुलगी आता दहा पावलं दूर नव्हती. ती मोबाइलवर चित्रीकरण करत होती. "बाबा, तुम्ही सगळ्यात फेमस झाले!"

"मले फेमस नाही व्हाचं, वं! मले तो व्हाचं आहे!"

अशा मिरवणुकीनं मला स्पर्धेच्या स्टेजवर चढवलं. परीक्षक एक निळ्या भुवयांची मुलगी होती, बोलायला गोड. ती माइकवर म्हणाली, "वा! हा आपल्या मातीतला वेश! काका, आजचा पहिला नंबर तुमचा. नागपूरचा बडग्या!"

टाळ्या पडल्या. मी माइक धरला. "मॅडम, मी बडग्या नाही." आणि नाव सांगितलं, कपडे, दिवा, गुहा सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग तिनं माइक बाजूला करून हळूच विचारलं, "पण काका, हे पात्र कोणालाच माहीत नाही ना? बडग्या म्हणून पहिला देता येतो. त्या पात्राचा म्हणून मी पोशाख बघितला, तर..." तिनं मिशीच्या डागाकडे पाहिलं.

"दुसरा द्या."

"तसं नसतं, काका."

"तिसरा. उत्तेजनार्थ. पण नाव त्याचं घ्या."

"बडग्या म्हणून पहिला, नाहीतर काही नाही. सांगा, मागे रांग आहे."

मी आयुष्यभर धंदा केला आहे. हातात येणारा माल सोडू नये हे मला कळतं. समोर करंडक होता, चांगला हातभर उंच, आणि मास्तरांच्या टिचकीचा हिशेब एका झटक्यात मिटणार होता. बडग्या म्हणून का होईना, पहिला नंबर. कामठीच्या बाजारातून करंडक मिरवत नेता आला असता. खोटं कशाला सांगू, माझा हात पुढे झाला होता.

तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून एका बाईचा आवाज आला. "ओ भाऊ! तो गुहेतून निघाला का हो शेवटी?"

हॉलमध्ये कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. माझ्याच वयाची एक बाई, सुती साडी, खांद्याला ऑफिसची पर्स, मांडीवर कोणाचे तरी पंख धरून उभी राहण्याची धडपड करत होती. तिनं त्याचं नाव घेतलं. पूर्ण नाव, ग्रहासकट. मालिकेच्या सुरुवातीला तो जसं म्हणायचा तसंच, मध्ये थांबून.

"काका, करंडक?" परीक्षक म्हणाली.

"मी बडग्या नाही म्हटलं ना!" मी इतक्या जोरात ओरडलो की माइक किंचाळला. छातीवरचे सगळे कागद एका हिसक्यात काढून तिच्या टेबलावर ठेवले आणि खाली उतरलो. करंडक एका पंखवालीला गेला. माझी मुलगी बराच वेळ कपाळाला हात लावून उभी होती.

बाई विमा कंपनीत नोकरीला होत्या, भाचीला घेऊन आल्या होत्या. लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलेलं. आम्ही खाण्याच्या स्टॉलशी सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, घेऊन बसलो. टोप खांद्यांना शिवलेला, मला तो काढता येत नव्हता, म्हणून वडी खालून आत सरकवत होतो.

"तुम्हाले पाह्यलं आणि मले वाटलं, मी येडी नाही," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ म्हणते, अशी मालिकाच नव्हती."

"माझी पोरगी स्वप्न म्हणते."

"पोशाख चांगला झाला. पोट जरा जास्त आहे. आणि दिव्याचा रंग चुकला."

मी वडी खाली ठेवली. "काय चुकलं?"

"दिवा हिरवा होता."

"लाल होता."

"हिरवा. पोपटी हिरवा."

"ताई, मी कापड विकतो. मले रंग शिकवू नका! लाल होता, लाल! त्या दिव्यापायी मी दहावीपर्यंत कंदील म्हणवून घेतलं!"

आजूबाजूची गुलाबी डोकी वळून पाहायला लागली. बाईंना काही फरक पडला नाही. चटणीत वडी बुडवत त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कलर टीव्ही होता?"

"ठेकेदाराकडे होता."

"कलर?"

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. सगळ्यांचेच होते. पण ठेकेदारानं काचेसमोर ती रंगीत प्लास्टिकची शीट लावली होती, तेव्हा सगळे लावायचे ती, तीन पट्ट्यांची.

"वरती कोणता पट्टा होता?" त्यांनी विचारलं.

"लाल," मी म्हणालो. "मध्ये पिवळा. खाली हिरवा."

त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की पर्स खाली पडली. "आमच्याकडे बी तेच शीट होतं. भावानं उलटं लावलं होतं. आमच्याकडे आभाळ बी हिरवंच राहे!"

म्हणजे खरा रंग त्यांनाही माहीत नव्हता आणि मलाही. जगात आता सांगणारा कोणी नव्हता. आम्ही दोघंच होतो आणि दोघांकडे एकाच प्लास्टिकचे दोन तुकडे. माझ्या आत काहीतरी खचलं, पण सवयीनं तोंडातून धंद्याचं बोलणं आलं. "असं करा ताई, मिटवून टाकू. इथून पुढे लाल म्हणायचं. दोघांनीही."

"मग मले काय?"

"तुम्ही सांगा."

त्यांनी विचार केला. "रंग तुमचा. शेवट माझा. तो गुहेतून कसा निघाला ते मी ठरवीन, आणि तुम्ही ते मानाचं."

मी लगेच हो म्हटलं. घाईनं म्हटलं, त्यांनी मन बदलण्याआधी. लाल टिकलं, म्हणजे बॅटरी टिकली, जिलेटिन टिकलं, आईनं टाचलेला कागद टिकला. शेवट कसाही असो, दगड फोडून येईल नाहीतर उडून. मी मनातल्या मनात नफा मोजत होतो.

"बोला," मी म्हणालो. "कसा निघाला?"

"सोपं आहे," त्या पदरानं हात पुसत म्हणाल्या. "त्यानं दिवा बंद केला. दिव्यामुळेच तर शत्रूले समजे, हा कुठं आहे ते. अंधार झाला, शत्रू आत पाहाले आले, आणि हा भिंत चाचपत त्यांच्या बाजूनं निघून गेला. मग त्यानं दिवा पुन्हा कधीच लावला नाही. साधा माणूस होऊन इथंच कुठं तरी राह्यला. नोकरी केली असन."

मग भाची आली, पंख सावरत दोघी निघून गेल्या. मी टोपातून त्यांना जाताना पाहत होतो. हिशेब मला गाडीत बसल्यावर लागला. टोप टपाला अडकला होता, मान वाकडी करून बसलो होतो, आणि मुलगी शेजारी चित्रीकरण पाहून हसत होती.

"काय झालं, बाबा?"

"गुंडाळलं मले त्या बाईनं."

"काहून? काय घेतलं तिनं?"

मी तिला सौदा सांगितला. ती म्हणाली, "म्हणजे आता दिवा लाल आहे हे पक्कं?"

"पक्कं."

"पण बंद आहे."

शब्द दिला होता. अजनीच्या पुलावर सिग्नल लागला होता, समोर गाड्यांची रांग. कपाळावर दिवा अजून लुकलुकत होता. मी बटण चाचपलं आणि दाबून बंद केलं.